उघडं पडलेलं पाणी

माझी मावशी गेली त्याला दोन वर्षं होतील. तिचं नाव मी सांगणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले मूळचे लोक, तोंडी आणत नाही. वस्तीत तिच्याच नावाची एक मुलगी आहे, तिलाही आम्ही आता दुसऱ्याच नावाने हाक मारतो. शहरातल्या चित्रांच्या दुकानांत मात्र ते नाव अजून काचेवर ठळक अक्षरांत आहे.

मावशी आणि माझी आई वाळूच्या टेकड्यांपलीकडे, वाल्कारा नावाच्या पाणवठ्यापाशी जन्मल्या. खडकातली एक खोल खाच आणि वर सपाट दगड, एवढंच ते पाणी. ते त्यांच्या बापाचं, म्हणून त्या दोघींचं. आमची जुनी गोष्ट अशी: जग घडत होतं, जमीन अजून मऊ होती त्या काळात पहिल्या दोन बहिणींनी ते खणलं. एक हावरा म्हातारा त्यांच्या मागे लागला, तेव्हा थोरलीने पाण्यावर दगड ओढला आणि दोघी गुहेत शिरल्या. इथपर्यंत कुणालाही सांगता येतं. गुहेत पुढे काय झालं ते फक्त बायकांचं. पुरुषांनी ते पाहायचं नसतं.

मावशी हीच गोष्ट रंगवायची. वस्तीतल्या आर्ट सेंटरच्या मागच्या अंगणात कॅनव्हास पसरून, मांडी घालून. कुत्रं ओल्या रंगावरून गेलं तरी हाकलायची नाही. गुहेची जागा रंगवताना आम्हा बायकांशिवाय जवळ कुणी नसे. ती आधी सगळं काढायची, मग त्यावर ठिपके देत सुटायची, इतके दाट की खाली काय आहे ते कुणाला कळूच नये.

आई चिडवायची, "अगं, किती देशील? कॅनव्हासला गोवर आलाय जणू!"

"येऊ दे गोवर, ताई. पण दिसायला नको."

मग तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिसची सोय फक्त अ‍ॅलिस स्प्रिंग्ज शहरात, आमच्यापासून गाडीने अख्ख्या दिवसाच्या वाटेवर. एक दिवसाआड मशीन, म्हणजे घरी जाऊन येणंही नाही. ती तिथल्या पेशंटांच्या वसतिगृहात राहिली. तिच्याजवळ कुणीतरी असावं म्हणून मीही गेले आणि एका हॉटेलात खोल्या झाडायचं काम धरलं. भेटले की ती एकच विचारायची, "पाण्यावर कुणी गेलं होतं का? जाऊन नुसतं बसून आले, की आपण आलोय म्हणून हाक मारली त्याला?"

डायलिसिसच्या दारात गॅव्हिन गाडी लावून उभा असायचा. चित्रांचा व्यापारी. गरम कोंबडी आणि थंड बाटली हातात देऊन म्हाताऱ्यांना आपल्या घरामागच्या शेडमध्ये रंगवायला न्यायचा. तोही तिला मावशीच म्हणायचा.

"मावशी, असे ठिपके काय, सगळेच देतात. खालचं दाखव की एकदा."

"ते तुझ्यासाठी नाही."

"मी डोळे मिटून घेईन."

"डोळे मिटशील रे, हात कसे मिटशील?" मावशी हसली होती तेव्हा.

पण त्याला तिची दुखरी जागा सापडली. म्हणाला, "छोटं विमान करतो. मशीन नसेल त्या दिवशी सकाळी निघायचं, दगडावर हात ठेवायचा, संध्याकाळी परत. मला फक्त एक चित्र दे. न झाकलेलं."

थंडीभर ती नाही म्हणत राहिली. उन्हाळ्यात पाय सुजले, जिना चढवेना. तेव्हा तिने त्याला शेडबाहेर काढलं, दार लावलं आणि ते चित्र काढलं. रंग वाळायच्या आत त्याने उचलून नेलं.

विमान आलं नाही. आधी पायलट नव्हता, मग धुळीचा वारा होता, मग गॅव्हिन फोन उचलेना. मशीन नसेल त्या दिवशी मावशी डोक्यावर टोपी, मांडीवर पिशवी घेऊन वसतिगृहाच्या पायरीवर बसून राहायची.

आणि एका सकाळी मी कामावर गेले तर हॉटेलच्या दिवाणखान्यात भिंतभर तेच चित्र. पुरुष त्याला पाठ टेकून कॉफी पीत होते. शेजारच्या दुकानात तेच चित्र उशांवर, पिशव्यांवर. दुकानातली पोरगी म्हणाली, "छान आहे ना? खूप खपतंय."

मी गॅव्हिनकडे गेले. तो म्हणाला, "विकलं गेलं गं, आता माझ्या हातात काय आहे? आणि विमानाचं बघतो म्हणालो होतो, नक्की कुठे म्हणालो होतो?"

तोवर तसली एक पिशवी कुणाच्या तरी खांद्यावरून वस्तीत पोहोचली होती. आई दोन म्हाताऱ्यांना घेऊन बसने आली. मावशी पायरीवरच होती. आईने पिशवी तिच्या मांडीवर टाकली. "हे तू केलंस?"

मावशीने चित्राची बाजू खाली केली. "मला घरी यायचं होतं, ताई."

"मग चालत यायचंस. वाटेत मेली असतीस तर मी स्वतः उचलून तुला पाण्यापाशी नेलं असतं."

"आता ने ना."

बरोबरच्या दोघीजणी आईकडे बघत होत्या. थोरली ती, निकाल तिनेच द्यायचा. आई म्हणाली, "आता नाही. वाल्काराला तुझं येणं बंद."

"आणि मेल्यावर?"

आई बसकडे चालू लागली.

त्यानंतर मावशी मशीनवर गेलीच नाही. नर्स घ्यायला आली की भिंतीकडे तोंड करायची. मी रडून हातापाया पडले, तर म्हणाली, "रक्त धुऊन कुठे जायचंय मला?" फार दिवस लागले नाहीत.

तिला वस्तीतल्या दफनभूमीत पुरलं, धावपट्टीच्या कडेला. आमच्या रीतीप्रमाणे आईने अंगाला पांढरी माती फासली आणि दगडाने आपलं डोकं फोडून घेतलं. खड्डा बुजवायच्या आधी मी तिचे हात धरले. "आई, अजून वेळ आहे. वाल्काराला नेऊ या म्हण. तू म्हणालीस तर कुणी अडवणार नाही."

"म्हणूनच म्हणणार नाही," आई म्हणाली. रक्त तिच्या डोळ्यात उतरत होतं, ते तिने पुसलं नाही.

गेल्या थंडीत आम्ही बायका वाल्काराला जमलो. त्या पाण्याचं गाणं दोन बहिणींचं आहे. थोरलीने ओळ म्हणायची, धाकटीने उत्तर द्यायचं. आईने आपली ओळ म्हटली आणि उत्तराला लागतो तेवढा वेळ गप्प बसली. मग पुढची ओळ, मग परत गप्प.

मी म्हटलं, "मला शिकव आई, मी म्हणते."

"ते तिने शिकवायचं होतं," आई म्हणाली आणि पुढची ओळ गाऊ लागली.