अंथुर्ण्याची अँबॅसिडर

गेल्या रविवारी अंथुर्ण्याला जाऊन आलो. बारामतीपासून तसं लांब नाही, पण रस्ताभर वाटत होतं... मागे वळावं आणि गुपचूप घरी जावं.

इंदापूरच्या एका भंगारवाल्याकडून मी जुनी अँबॅसिडर घेतली आहे. आईला एकदा अँबॅसिडरमधून जेजुरीला जायचंय, एवढंच निमित्त. बारामतीच्या गॅरेजमध्ये जुना रंग खरवडला आणि बापू मिस्त्रींनी मला जवळ बोलावलं. "हिनं पुढून लई मार खाल्लाय, साहेब. पार आतपातूर पत्रा जोडलाय."

आईच्या कानावर गेलंच. "त्यात कुणी गेलं असेल, तर मी बसणार नाही," एवढंच म्हणाली. मी रंगाचं काम थांबवलं.

भंगारवाल्याने ज्यांच्याकडून गाडी घेतली होती, ते एक निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "अंथुर्ण्याच्या आबांकडून घेतली मी. ठोकलेली होती, पण काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. विषय निघाला की उठून जायचे."

उठून जायचे... या दोन शब्दांनी माझी झोप उडवली.

आबा आता नाहीत. घरी त्यांचा मुलगा विलासराव होता, आणि पडवीत शेंगा फोडत बसलेल्या काकी, म्हणजे आबांच्या पत्नी. मी ऊस, पाणी, पाऊस सगळं बोलून घेतलं. चहा गार झाला, तेव्हा कुठे विचारलं... त्या अपघातात कुणाला काही झालं होतं का?

"न्हाय ओ," विलासराव म्हणाले. "आबा बारामतीस्नं येत हुते, बैल आडवा आला. गाडी बाभळीवर गेली."

"बैल नव्हताच," काकी मान वर न करता म्हणाल्या.

म्हणजे माणूस होता...

"मी हुते स्टेअरिंगवर."

विलासरावांनी बशी खाली ठेवली. "आये, काय बोलतीयास?"

"कालव्याच्या रस्त्याला तुजा बाप शिकवत हुता मला. ब्रेक सोडून भलतंच दाबलं. बाभळीची साल निघाली आन् माजं कपाळ फुटलं, बाकी काय न्हाय." पदर सारून त्यांनी केसांखालची खूण दाखवली.

मी विचारलं, मग आबा उठून का जायचे?

"हसू यायचं त्यास्नी. बाईनं ठोकली म्हणलं असतं, तर लोकांनी मला परत गाडीला हात लावू दिला असता व्हय? म्हणून बैल उभा केला त्यांनी."

"म्हंजे त्याच्यानंतर बी चालवलीस?" विलासराव.

"मावशीकडं जाताना गाव सुटलं की मीच की. तू मागं झोपल्याला असायचास."

निघताना काकींनी विचारलं, "गिअर अजून स्टेअरिंगलाच हाय न्हवं? मग रंगवून झाली की आणा हिकडं, एक चक्कर मारते मी."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जेजुरीचं नंतर बघू. आधी अंथुर्ण्याला ने. त्यांच्या शेजारी मी बसते."

ज्यांना कधी भेटलो नाही, त्या आबांचे त्या क्षणी मनापासून आभार मानले.

रंगाचं काम पुन्हा सुरू झालंय. इतके दिवस या गाडीत कुणी गेलं तर नसेल ना, ही धास्ती होती... आता पुढच्या सीटवर या दोघी बसणार आहेत. बापूंना सांगून आलोय, रंग कसाही चालेल, ब्रेक तेवढे नीट बसवा.