सुकेळीच्या पिशवीतली नळी

अगं भाचे, इथे ये, जवळ बस. लेकीचं दुखणं चार महिने पोटात ठेवलंस? सख्ख्या आत्याला भावजयीकडून कळावं? आणि आता म्हणतेस, नळी लागते म्हणून तिला शाळेतच घालत नाही. शहाणीच आहेस! आता माझं ऐक.

आमच्या नातीचंही तेच ना. पोटातली लघवीची पिशवी आपली आपण रिकामी होत नाही, दर तीन तासांनी बारीक नळीने काढावी लागते. हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी सुनेला आणि मला नीट शिकवलं. ती पहिलीत गेली, सून कामावर, म्हणून मधल्या सुट्टीआधी नंदाखाल गावाहून रिक्षा करून मीच जायची. वर्गाच्या बाईंना तेवढं ठाऊक होतं. बाकी कोणाला कळू नये म्हणून मी काय शक्कल काढावी? आपण सुकेळी विकायला नेतो ना, ती कापडी पिशवी. आत बंद डब्यात नळीची पाकिटं. पोरीला बजावलं, "कोणाला सांगायचं नाही हं."

पिशवी कितीही धुवा, उन्हात वाळवलेल्या केळ्यांचा वास जातो का? आठ दिवसांत, मी दारात असतानाच, एक चिमुरडी वर्गात उभी राहिली. "बाई, हिची आजी हिला रोज बाथरूममध्ये नेऊन एकटीलाच सुकेळी खायला देते!"

बाई माझ्याकडे बघतात, मी जमिनीकडे. झालं! पोरं नातीला 'अधाशी' म्हणायला लागली. दुसऱ्या दिवशी तिने दप्तरच उचललं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सून म्हणाली, "आई, लपवलंत तुम्ही, आता निस्तरा तुम्हीच."

मी पोरीला मांडीवर घेतलं. तर म्हणते कशी, "आजी, मी सांगू का सगळ्यांना? तू नको म्हणालीस म्हणून मी गप्प बसले."

लाज मला वाटत होती गं, तिला नव्हतीच.

सोमवारी खरीच सुकेळी नेली, अख्ख्या वर्गाला पुरतील एवढी. बाईंनी तिला पुढे बोलावलं. ती म्हणाली, "मला शू आपोआप होत नाही. आजी नळीने काढते. सुकेळी नव्हती त्या पिशवीत."

"दुखतं?" एकाने विचारलं.

"नाही. गार लागतं."

"मग तुला गणिताच्या तासाला उठून जाता येतं?"

"हो."

"बाई, मलापण नळी पाहिजे!"

अगं, बाईसुद्धा हसून हसून खुर्चीत बसल्या. त्यानंतर अधाशी म्हणायचं बंद झालं. उलट घड्याळात साडेदहा झाले की दोघी-तिघी ओरडायच्या, "आजी आली, जा!"

पुढे शाळेतल्या मावशींनीच विचारलं, "मला शिकवाल का?" सून त्यांना नर्सबाईंकडे घेऊन गेली. आता त्याच करतात, दार लावून, साबणाने हात धुऊन. परवा नात मला म्हणाली, "आजी, तू आता रोज येऊ नको. मावशी आहेत ना. तू सुकेळी पाठव."

बघ, माझी नोकरी गेली!

म्हणून म्हणते, पोरीला घरात कोंडून ठेवू नकोस. तुला माझ्याकडून नाही पटणार, पण तुझ्या लेकीला माझ्या नातीकडून पटेल. येत्या रविवारी तिला घेऊन ये. नळीचा डबाही आण, आणि तो पिशवीत लपवून नको, हातात धरून आण.