अमारोची जागा

आमच्याकडे म्हणतात, सान आंद्रेसच्या देवळाला जो जिवंतपणी चालत गेला नाही, त्याला मेल्यावर सरपटत जावं लागतं. म्हणून त्या वाटेवर सरड्यावरसुद्धा कुणी पाय देत नाही. कुणाचा बाप असेल, कुणी सांगावं. आणि ज्यांचं माणूस तिथं न जाताच मेलं, त्यांनी त्याच्या थडग्यापाशी जाऊन नावानं हाक मारायची, वाटभर बोलत बोलत त्याला न्यायचं, देवळात सोडायचं आणि मोकळं परतायचं.

शेजारच्या देल्मिरा मावशीच्या अमारोला थडगंच नव्हतं. मासेमारीची होडी उलटली, बाकीचे किनाऱ्याला लागले, हा सापडलाच नाही. मावशीनं काळे कपडे घातले नाहीत. पाद्रीबाबा प्रार्थनेचं विचारायला आले, तर त्यांना दारातूनच वाटेला लावलं. गावातल्या बायका कुजबुजत, पोरगा बिचारा सरपटतोय नि आई हट्टाला पेटलीय. मला त्या बायकांचा संताप यायचा, कारण मनातून मलाही तेच वाटायचं.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका सप्टेंबरात मावशी माझ्या दारात उभी.

"साबेला, गुडघे बोलायला लागलेत. पुढच्या वर्षी जमायचं नाही. येतेस बरोबर?"

थडगं नव्हतं, म्हणून धक्क्यावर गेलो. पाण्याकडे तोंड करून तिनं हाक मारली, "अमारो! ऊठ रे, चल. तुझा जाड स्वेटर घेतलाय."

तो गेला हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा मान्य केलं. मला हुंदका आवरेना.

"रडू नकोस गं," ती मलाच दटावू लागली. "घाबरेल तो."

डोंगरवाटेनं आम्ही दोघी दोन कडांनी चाललो, मधली जागा त्याची. "दगड आहे, पाय उचलून चाल. लहानपणापासून पाय घासतो मेला, बूट म्हणून टिकत नाहीत!"

"मावशी, जरा दम घे की."

"जिवंतपणी कधी माझं ऐकलं नाही त्यानं. आता ऐकतोय, तर बोलू दे."

वाटेत एक सरडा आडवा आला. तो पलीकडे जाईपर्यंत ती थांबली.

देवळात तिनं मेणबत्ती लावली. मी हळूच म्हटलं, "सांग आता त्याला, इथं राहा म्हणून." तिनं स्वेटर छातीशी धरला आणि दाराकडे वळली.

परतीच्या बसचा ड्रायव्हर ओव्हिदियो आमच्याच गावचा. "दोन ना?" त्यानं विचारलं.

"तीन," मावशी म्हणाली.

रीत त्यालाही पाठ होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि गपचूप तीन तिकिटं दिली. मावशीनं शेजारच्या जागेवर स्वेटर पसरला.

"वारा फार होता गं तिथं," ती म्हणाली. "पोराला कसं सोडून येऊ?"

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. तिला स्वतःला न्यायची गरज नव्हती, ती जिवंतपणीच जाऊन आली होती. पण तिच्याशिवाय तो तिथं राहिला नसता. म्हणून या सप्टेंबरात तिच्या थडग्यापाशी उभं राहून मी दोघांनाही हाक मारली. वाटेत काय बोलावं सुचेना, तेव्हा म्हटलं, "अमारो, पाय उचल रे, आई दमलीय." देवळात दोघांना सांगितलं, राहा आता इथंच, एकमेकांना धरून.

बसमध्ये ओव्हिदियोनं विचारलं, "किती?"

"एक," मी म्हणाले, आणि गाव येईपर्यंत रडत होते.