पोहे कोणी केले

मुलगी बघायला पाहुणे आले की आमच्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं: "पोहे पोरीनंच केले." पोहे कोणीही केलेले असोत. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो मान डोलावतो आणि खातो.

माझ्या बहिणीला बघायला ढाणकीकडचे पाहुणे येणार होते. सकाळीच तिनं मला बजावलं, "भिया, पोहे काकू करते हे पाहुण्यांसमोर बोलू नको." मी शब्द दिला. बारावीनंतर ती कापूस वेचायला जाऊ लागली म्हणून मी यवतमाळला कॉलेजात शिकलो, आमच्या बंजारा तांड्यातला पहिला पदवीधर झालो. तिला दिलेला शब्द मी मोडत नाही.

पण मुलाच्या वडिलांनी नेमकं मलाच विचारलं. मी शिकवण्या घेतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात.

"काहो मास्तर, पोहे झकास झाले. कोनं केले?"

काकूनं केले होते, मी पाहिलं होतं. 'बहिणीनं' म्हणावं तर खोटं. 'काकूनं' म्हणावं तर दिलेला शब्द खोटा. माझ्या डोक्यात मधली जागा नाही. मी बोटं चोळत राहिलो. मग बशी तशीच ठेवून उठलो आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर कडुनिंबाखाली फेऱ्या मारत राहिलो.

पुढच्या आठवड्यात, सोयरीक जुळवणाऱ्या मामांचा फोन आला. पोरगी पसंत होती. पण मुलाच्या आईला जाणून घ्यायचं होतं, भावाला काही आहे का, घराण्यात आणखी कोणाला आहे का. याडी, म्हणजे आमची आई, घाईघाईनं सांगू लागली की त्या दिवशी त्याचं पोट बिघडलं होतं. यवतमाळच्या डॉक्टरांनी माझ्यात ऑटिझमची लक्षणं आहेत असं सांगितलं होतं, तेव्हा याडी माझ्या शेजारीच बसलेली होती.

एरवी मी तिला तिथंच अडवलं असतं. या वेळी अडवलं नाही. पोटाचंच खरं ठरावं असं मला वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचीच भीती वाटत होती.

बहिणीनं याडीच्या हातातून फोन घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"तूच सांग."

"तुह्यं लग्न मोडन."

"आज लपवलं तं जनमभर लपवा लागन. मले ते जमत नाही. अन् तुले तं पोह्याचंही जमलं नाही."

मी मामांना डॉक्टरांचा 'ऑटिझम' हा शब्द सांगितला. त्यांनी अर्थ विचारला. मी म्हणालो, मी वेडा नाही. मला गोष्टी एकतर खऱ्या दिसतात नाहीतर खोट्या, आणि चार माणसांत गोंधळायला होतं. घराण्यात आणखी कोणाला आहे ते ठाऊक नाही. मामा म्हणाले, "बरं. सांगतो त्याहीले."

अजून उत्तर आलेलं नाही. याडी माझ्याशी बोलत नाही. बहीण बोलते, पण बरोबर केलं ना, असं विचारलं की म्हणते, "आता नको विचारू." फोन वाजला की आम्ही तिघंही उठतो.