तोंडातले खिळे

माझ्या नवऱ्याला आळशी म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी एकदा आमच्या घरी दिवसभर बसवणार आहे. चहासुद्धा देणार नाही. समोर बसायचं आणि नुसतं बघायचं. हे खुर्चीत बसलेले असतात. खिडकीतून ऊन आत येतं, गुडघ्यांवर चढतं, मग तोंडावर येतं. ह्यांचे डोळे बारीक होतात, घाम सुटतो, पण खुर्ची वीतभर हलत नाही. "अहो, सावलीत सरका की," म्हटलं की लगेच सरकतात. वर "आता बरं वाटतंय," असंही म्हणतात. एवढं बघूनही ज्याला आळशी म्हणायचंय त्याने खुशाल म्हणावं. त्याला काय म्हणायचं ते मग मी ठरवीन.

हे सोफे बनवायचे. वर्कशॉप दोघा भावांचं, अर्धं-अर्धं. थोरल्या दिरांनी, म्हणजे आमच्या दादांनी, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं आणि ह्यांनी काम करायचं. लाकडी सांगाड्यावर स्प्रिंगा, त्यावर फोम, त्यावर कापड. कापड ताणून बसवताना बारीक खिळे तोंडात धरायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा आणि ठोकायचा. तोंड कायम भरलेलं, त्यामुळे गिऱ्हाइकांना वाटायचं, काय शांत माणूस आहे! शांत कसला? घरी आले की तोंडाचा पट्टा सुरू. गिऱ्हाइकांच्या नकला काय, माझी चेष्टा काय. आणि दारातूनच रोज एक ठरलेला प्रश्न, "जेवलीस का, की माझ्यावर रुसून उपाशी आहेस?" मला त्या प्रश्नाचा वैताग यायचा.

मग एका संध्याकाळी वीज गेली. काम निकडीचं होतं. दादांनी जनरेटर आत ओढला, बाहेर ठेवला तर चोरीला जाईल म्हणून. आवाजाने शेजारी बोंब मारतील म्हणून शटरही खाली घेतलं. ह्यांना कामाला जुंपून स्वतः गिऱ्हाइकाकडे निघून गेले. त्या धुरात एक वायू असतो, त्याला ना रंग ना वास. परत येऊन शटर उघडलं तर हे अर्ध्या शिवलेल्या सोफ्यावर आडवे.

वाचले. चालता येतं, बोलता येतं, स्मरणशक्ती पक्की. इस्पितळातून घरी आणलं, खुर्चीत बसवलं, आणि तेव्हापासून हे त्या खुर्चीत आहेत.

दादांचं निदान तयारच होतं. "लाडावलाय. आयतं मिळतंय ना हातात! माणसात जिद्द पाहिजे." सगळ्या नातेवाइकांनी माना डोलावल्या. कुणी भेटायला आलं की ह्यांच्यासमोरच, बहिऱ्यासमोर बोलावं तसं, आळसावर प्रवचन झोडून जायचं. मी एका मावशींना दार दाखवलं, तेव्हापासून मी उद्धट ठरले. बरं झालं. निदान गर्दी कमी झाली.

शेवटी मेंदूच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी ह्यांच्या हातात दाबायची एक मूठ दिली. समोर पडद्यावर कधी नाणं दिसायचं, कधी नोट. जितक्या जोरात दाबाल तितका त्यातला जास्त वाटा तुमचा. आधी मला करायला लावलं. नाण्याला मी जेमतेम दाबलं, नोट दिसल्यावर मनगटाच्या शिरा फुगल्या. लाज वाटली, पण हात ऐकेना. ह्यांनी मात्र नाण्यालाही तेवढंच दाबलं आणि नोटेलाही तेवढंच, मेलेल्या हाताने.

"नोट जास्त किमतीची आहे, कळतंय ना?" बाईंनी विचारलं.

"कळतंय."

"हवी आहे का?"

"हवी आहे की."

"बरं, आता बक्षीस विसरा. मी सांगते म्हणून पूर्ण जोर लावा."

पडद्यावरची, जोर दाखवणारी रेघ सरळ वर जाऊन टेकली. सोफ्याच्या स्प्रिंगा वाकवणारा हात तो, कुठे गेला नव्हता.

मग बाईंनी समजावलं. मेंदूच्या पार आत, दोन्ही बाजूंना, लहान लहान गाठी असतात. काहीही करण्याआधी तिथे आपल्या नकळत तोलून होतं, मिळणार काय आणि त्यासाठी कष्ट किती. मिळणारं जड भरलं की तिथूनच आतून रेटा येतो आणि आपण उठतो. त्या वायूने ह्यांची नेमकी तीच जागा जाळली. ह्यांना हवं-नको सगळं कळतं, पण हवंसं वाटण्यातून रेटा तयार होत नाही. दुसऱ्याने सांगितलं की काम वेगळ्या वाटेने होतं आणि ती वाट शाबूत आहे. औषधाने थोडाफार फरक पडेल, कदाचित. "तोवर प्रेमाने सांगत राहा," बाई म्हणाल्या. सांगत राहा म्हणे! दात घासा, घास उचला, आता चावा, आता गिळा. बाई, तुम्ही या दोन दिवस प्रेमाने सांगायला.

एक गोष्ट सांगते. मला एकटीला जेवण जाईना, म्हणून एकदा मी म्हटलं, "अहो, विचारा ना, जेवलीस का." ह्यांनी लगेच विचारलं, "जेवलीस का?" आवाजही अगदी पूर्वीचा. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

डॉक्टरीणबाईंचं सगळं मी दादांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "मग बघू या ना. सोमवारी सकाळी त्याने आपणहून येऊन शटर उघडावं. अर्धं वर्कशॉप त्याचंच. नाही आला तर त्याचा वाटा माझा, आणि तो माझ्याकडे रोजंदारीवर. तू मात्र चकार शब्द काढायचा नाहीस." चार नातेवाइकांसमोर बोलले. मी नाही म्हटलं असतं तर ह्यांचं सोंग आहे असंच ठरलं असतं. आणि मला वाटलं, वर्कशॉप म्हणजे ह्यांचा जीव, त्यासाठी तरी हलतील. मी हो म्हटलं.

रविवारी ह्यांना विचारलं, "उद्या जायचंय, माहीत आहे ना?" "माहीत आहे." "वर्कशॉप जाऊ द्यायचंय का?" "छे! माझं आहे ते."

सोमवारी हे खुर्चीत बसले. मी ओठ दाताखाली धरून समोर बसले. ऊन गुडघ्यांवर आलं, तोंडावर आलं. ह्यांची नजर सारखी दाराकडे जात होती. दार चार पावलांवर होतं. ओठांपर्यंत आलेला "उठा" मी गिळला.

अकराला दादा आले, विजयी मुद्रेने. "बघितलंस?" मग ह्यांच्याकडे वळून हेटाळणीने म्हणाले, "ऊठ रे ए सम्राट! चल, तो मोठा सोफा तसाच पडलाय."

हे उठले. चपला घातल्या आणि चालू लागले.

त्या दिवशी ह्यांनी एकट्याने तो सोफा पुरा केला. पाणी मागितलं नाही, पाठ टेकली नाही. दादा काही मूर्ख नाहीत, त्यांना काय सापडलं ते तिथल्या तिथे कळलं. न थकणारा, न कुरकुरणारा, मजुरी न मागणारा कारागीर! रोज सकाळी खालून हाक यायची, "चल रे!" आणि संध्याकाळी हे घरी सोडले जायचे. जिद्दीवरचं प्रवचन बंद झालं. लोकांना सांगू लागले, "मीच माणसात आणला त्याला."

मीही गप्प राहिले. निदान कामात आहेत, असं म्हणत राहिले. मग एके दिवशी हे आले आणि दारातच उभे राहिले. "दमलात का?" विचारलं तर नुसती मान हलवली. गाल वेडेवाकडे फुगलेले, ओठांच्या कडेला रक्ताची लाळ.

"तोंड उघडा."

खिळे होते. जिभेवर, गालात, हिरड्यांत रुतलेले. मी बोटाने एकेक काढून वाटीत टाकले. मग विचारलं, "टोचत नव्हते?"

"टोचत होते ना."

"मग काढले का नाहीत?"

"दुपारी दादा म्हणाला, ठेव हातोडी, आता फोम काप. खिळ्यांचं काही म्हणाला नाही."

दुपारपासून ते खिळे तोंडात होते. दिवसभर समोर बसणाऱ्या सख्ख्या भावाने एकदाही तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

सकाळी खालून हाक आली, "चल रे!" हे उठले. मी म्हटलं, "थांबा." थांबले. वाटी घेऊन मी जिना उतरले. शेजारच्या दोन बायका दारात उभ्याच होत्या. राहू देत म्हटलं, ऐकू देत.

दादांचा हात धरून मी तळव्यावर वाटी उपडी केली. "तोंडात धरा. मी सांगेपर्यंत काढायचे नाहीत."

"हा काय वेडेपणा आहे?"

"धरा ना! जिद्द आहे ना तुमच्यात? नाही धरणार तुम्ही, कारण तुमच्या डोक्यातली ती गाठ धडधाकट आहे. त्यात तुमची कसली आलीय मर्दुमकी? आणि ह्यांची कुणी जाळली, तेही बोलू का मोठ्याने? जनरेटर आत कुणी ओढला? शटर कुणी खाली घेतलं?"

दादांचा चेहरा उतरला. त्यांनी आधी शेजारणींकडे पाहिलं, माझ्याकडे नंतर. "हळू बोल," म्हणाले.

"वाटा ह्यांचाच राहील. काम ह्यांना आवडतं, ते करतील. पण ह्यांच्या शेजारी स्टूल टाकून मी बसणार. ह्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही गिऱ्हाइकांशी गोड बोला."

"बरं," दादा म्हणाले. एवढा छोटा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

जिना चढून आले तर हे दारात तसेच उभे होते, एक चप्पल पायात आणि एक बाहेर, मी "थांबा" म्हटल्यापासून. मी म्हटलं, "बसा." बसले. मी समोर बसले आणि वाट पाहिली. रिकामी वाटी अजून माझ्या हातातच होती, ती ह्यांना दिसत होती. ऊन ह्यांच्या गुडघ्यांवर आलं.

शेवटी मीच म्हटलं, "अहो, विचारा ना, खाली काय झालं."

"खाली काय झालं?" ह्यांनी विचारलं, आणि मी पहिल्यापासून सगळं सांगितलं.