भावाच्या पोटरीचं माप

मोठा भाऊ कोरोनातून उठून लातूरच्या दवाखान्यातून अहमदपूरला घरी आला, तेव्हा त्याच्या ऑक्सिजनचा आकडा चांगला होता. माझा आकड्यांवर भरवसा, म्हणून मी निश्चिंत. आमच्याकडे दुखण्यातून उठलेल्याला पलंगावरून उतरू देत नाहीत. आई रोज संध्याकाळी कोमट तेल लावून त्याचे पाय दाबायची.

एका दुपारी तो म्हणाला, "डावा पाय लई ठणकायलाय."

पाय मला जाड दिसला. नुसत्या दिसण्यावर मी जात नाही. शिलाई मशीनवरची टेप आणली, दोन्ही पोटऱ्या गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर मोजल्या. डावी चार सेंटिमीटरने जास्त भरली. पुन्हा मोजली. तेवढीच.

"शिंपी झालास का रे? पँट शिवतो काय?" भाऊ म्हणाला.

मी लातूरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, या आजारात, त्यात सतत पडून राहिलं तर, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. "पाय अजिबात चोळू नका. लगेच घेऊन या."

पाय ठणकतोय हे ऐकून आई तेलाची वाटी घेऊन दारातच उभी होती. मी वाटी तिच्या हातातून घेतली.

"माझ्या दाबण्यानं झालं का रे?"

"न्हाई, माय. पण आता हात लावू नको."

गाडीत त्याचा पाय माझ्या मांडीवर होता. प्रत्येक गतिरोधकाला मी त्याच्या छातीकडे बघायचो. श्वास चालू आहे ना, एवढंच.

"जरा दाब की," तो म्हणाला. पाय दाबायला मी मोठ्या भावाला कधीच नाही म्हटलं नव्हतं. दोन्ही हात काखेत घालून बसलो.

"इतका कंजूष कधीपासून झालास?"

"लातूर येऊ दे."

सोनोग्राफीत गुठळी मांडीपर्यंत निघाली. स्कॅनमध्ये फुप्फुसात मात्र गुठळी नव्हती. आधी पोटात इंजेक्शनं, मग रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी एकही चुकवायची नाही, दाढी करताना जपायचं, आणि बरं वाटलं की चालायचं, असं डॉक्टरांनी बजावलं.

आता संध्याकाळी आईच त्याला अंगणात चालवते. तो टेकायला लागला की "ऊठ, ऊठ" करते. मध्येच त्याच्या दोन्ही पायांकडे आळीपाळीने बघत राहते. मीही बघतो. टेप माझ्या खिशात असते.