वास नसलेली घोंगडी

थीमवाल्या लग्नांची मला आता शिसारी येते. मुलीच्या हळदीला बायपासवरच्या लॉनची सजावट ज्याला दिली होती, तो घरी येऊन मोबाइलवर फोटो दाखवत बसला. थर्माकोलची बैलगाडी, प्लॅस्टिकची कणसं, कधी चूल न पाहिलेली रंगवलेली मडकी. याला तो ‘गावरान थीम’ म्हणत होता. आणि मी, मेंढरांमागं हिंडलेल्या घरातला माणूस, मान डोलवत होतो.

आमच्यात नवरीला हळद लागते ती घोंगडीवर बसवून. घोंगडी घरच्या मेंढरांच्या लोकरीची असावी आणि घरातल्या वडीलधाऱ्यानं ती आपल्या हातानं अंथरावी, अशी रीत. आमच्या घराण्यात घोंगडीचा माग उरलाय तो एका थोरल्या चुलत्यांकडे, पाचोडच्या पलीकडं. त्यांना आम्ही आबा म्हणतो. डोळ्यांत मोतीबिंदू, बोटं वाकडी, तरी त्यांनी नातीसाठी घोंगडी विणली. लोकर स्वतः कातरली, चुलतीनं सूत काढलं, चिंचोक्याची खळ दिली. हळदीच्या आठ दिवस आधी एसटीनं येऊन त्यांनी ती माझ्या हातात ठेवली.

"ही शेवटलीच," म्हणाले. "आता धागा दिसत नाय मला."

मुलीनं ती तिथल्या तिथं अंगाभोवती गुंडाळून घेतली. काठाच्या पांढऱ्या रेघांत एकही चूक नव्हती.

वास मात्र होता. मेंढरांचा, खळीचा, उन्हातल्या मेंढवाड्याचा. दुसऱ्या दिवशी सजावटवाल्यानं ती बघितली आणि नाकाला रुमाल लावला. "साब, लूक ओरिजनल पायजे, पर वास नको. गेस्ट लोक बाजूलाच बसनार ना."

त्याला तिथंच जिना दाखवायला हवा होता. मी म्हणालो, "धुऊन घेतो."

मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या आईनं जन्मात घोंगडीला गरम पाणी लावलं नाही. ती ऊन द्यायची आणि काठीनं झटकायची. लोकर गरम पाण्यात आखडते हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. तरी मी ती मशिनमध्ये कोंबली, गरम पाण्याचं बटण दाबलं आणि वर दोन टोपणं सुवासिक लिक्विड ओतलं. वास जायला हवा होता ना पाहुण्यांसाठी.

बाहेर निघाली ती पायपुसण्याएवढी. दाट, टणक, वेडीवाकडी. पांढऱ्या रेघा एकमेकींत घुसलेल्या. आणि तिला गुलाबाचा वास येत होता. मागं मुलगी उभी होती. तिनं ते गाठोडं माझ्या हातातून घेतलं, बघितलं, परत दिलं आणि आत निघून गेली.

हळदीला सजावटवाल्याचीच भाड्याची घोंगडी अंथरली. कसल्या तरी प्लॅस्टिकच्या धाग्याची, चकाकणारी. पाहुणे तिच्यावर बसून फोटो काढत होते, "किती ट्रॅडिशनल" म्हणत होते. मी हसून मान हलवत होतो आणि माझीच मला किळस येत होती.

आबा आले ते हात जोडून कुणाकुणाला रामराम करत. घोंगडीजवळ उकिडवे बसले. काठ चिमटीत धरून चोळला, मग नाकाशी नेला.

"ही आपली नाय."

"तुमची घरी ठेवलीय, आबा," मी म्हणालो. "हळदीनं खराब होईल म्हणून."

खरं सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. वाटलं, रागावतील, रीत मोडली म्हणतील. पण त्यांचा चेहरा उजळला.

"व्हय? लई ब्येस केलंस. हळदीचा डाग निघत नाय. पोरीसंगं सासरी दे तिला. थंडीत पांघरील."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी मुलगी गाडीत बसली, तेव्हा आबा गर्दीतून वाट काढत काचेपाशी गेले. डिकीत लावलेल्या बॅगांकडं बघत त्यांनी तिला विचारलं, "बाय, घोंगडी घेतलीस नव्हं?"

तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"घेतली, आबा," ती म्हणाली. "सगळ्यात वर ठेवलीय."